अडीच पुरणपोळ्यांचा अपराध

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी त्याचा गोषवारा देते. म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

तुमचं वय ३८, ठाण्यात राहता, बँकेत नोकरी. उंची ५ फूट २ इंच, वजन ६८ किलो. मधुमेह नाही, पण रक्तातल्या साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, ५.९ आली आणि डॉक्टरांनी ‘जपा’ म्हणून सांगितलं. तेव्हापासून मोबाइलवरच्या एका अ‍ॅपप्रमाणे रोज १२०० कॅलरी. सोमवार ते शुक्रवार काटेकोर, शनिवार-रविवार घसरगुंडी. होळीला दिवसभर जवळजवळ काही न खाता संध्याकाळी नैवेद्यानंतर अडीच पुरणपोळ्या खाल्ल्यात, रात्री रडलात, दुसऱ्या दिवशी काटा १.३ किलोने वर. धुळवडीला घरात मटण शिजत असताना तुम्ही सूप आणि काकडीवर राहिलात. शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर फरसाणचं अख्खं पाकीट संपवलंत. आणि शेवटी विचारता, ‘माझ्यात मनोनिग्रहच नाही. गोड कायमचं बंद करू का? आणि संकष्टीचा उपास वजनासाठी धरला तर चालेल का?’

मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्या कामाचा निम्मा वेळ कॅलरी मोजण्यात जात असेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो असल्या रडण्याबद्दल बोलण्यात जातो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नको’ असं आहे. मात्र का नको, ते नीट सांगायला हवं, कारण ‘सणाचं खाल्लंच पाहिजे’ हे त्यामागचं कारण नव्हे.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते बाजूला काढते. तुमचा मधुमेह पक्का झाला असता आणि तुम्ही इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असतात, तर उपाशी राहण्याबद्दलचं आणि गोडाबद्दलचं बोलणं वेगळं झालं असतं आणि ते तुमच्या डॉक्टरांशीच व्हायला हवं होतं. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, थायरॉइड किंवा पीसीओएसची (अंडाशयाशी संबंधित विकाराची) औषधं चालू असणं, यांतल्या प्रत्येकाने उत्तर थोडं थोडं बदलतं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २७च्या वर आहे. भारतीयांसाठी २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात, म्हणजे वजन उतरवण्याला वैद्यकीय कारण आहे. ते मी नाकारत नाही. ‘तुम्ही आहात तशा छान आहात, खा मनसोक्त’ असं सांगून मोकळं होणं मला जमणार नाही.

आता तुमची होळी. तुम्ही दिवसाचं सगळं खाणं लिहून पाठवलंत हे फार उपयोगी पडलं. सकाळी ग्रीन टी. अकरा वाजता एक सफरचंद. दुपारी पेलाभर ताक. त्याच वेळी तुम्ही ओट्याशी उभ्या राहून डाळ शिजवत होतात, कट काढत होतात, गूळ घालून पुरण आटवत होतात, पुरणयंत्र फिरवत होतात. घरभर जायफळ-वेलचीचा वास. नैवेद्य व्हायचा म्हणून चवसुद्धा घ्यायची नाही. आठ वाजता पान वाढलं तेव्हा तुमच्या पोटात दिवसभराचं मिळून दोनशे-अडीचशे कॅलरींपलीकडे काही नव्हतं. पहिली पोळी कधी संपली ते कळलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. कळणार कसं? भुकेने कासावीस झालेला माणूस चव घेत नाही, पोट भरतो. मग साडेदहाला आवराआवर करताना पातेल्यातलं पुरण चमच्याने उभ्या उभ्या, ‘किती ते आठवत नाही’.

मला या दिवसात मनोनिग्रहाची कमतरता कुठे दिसत नाही. उलट सकाळी सहा ते रात्री आठ इतका निग्रह दिसतो की त्यानंतर जे झालं ते अटळच होतं.

याचा एक जुना आणि फार बोलका दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे समजून घ्यायचं होतं. ही मुलं स्वेच्छेने आली होती. सुमारे सहा महिने त्यांना दिवसाला सरासरी १५७० कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. वजन पाव हिश्शाने उतरलं, हे अपेक्षितच होतं. पण डोक्यात जे झालं ते कुणी धरून चाललं नव्हतं. ज्यांना पूर्वी स्वयंपाकात काडीचा रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. ताटावर तासन्‌तास रेंगाळू लागले. बोलायला खाण्याशिवाय विषय उरला नाही. आणि बंधन उठल्यावर काहीजण पोट फुटेस्तोवर खात आणि तरी भूक भागली नाही म्हणत. ही निवडून घेतलेली, मनाने खंबीर मुलं होती. त्यांचा आकडा १५७० होता, त्यांच्यावर नोकरी, मुलीचा अभ्यास आणि ठाणे-सीएसएमटी लोकल नव्हती. तुमचं अ‍ॅप तुम्हाला १२०० देतं. तुमची पाच दिवसांची कसोटी त्यांच्या सहा महिन्यांइतकी कडक नाही हे खरं, पण दिशा तीच आहे. शनिवारच्या फरसाणची सुरुवात सोमवारी होते.

हा झाला भुकेचा भाग. अपराधीपणाचा भाग वेगळा आणि जास्त गमतीचा आहे.

१९७५मध्ये हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. काही बायकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम पुढ्यात ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर विशेष लगाम ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं, संपलं. ज्या कायम डाएटवर असायच्या त्यांचं उलटं झालं. मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. आज मोडलंच आहे, तर मग होऊ दे. आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळेची गरजच नव्हती, ‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ म्हणून आजीने कधीच सांगून ठेवलंय. दुसरी पोळी अर्धी उरली असती तरी चाललं असतं. पण दुसरी घेतली त्याच क्षणी तुमच्या मनाने दिवस ‘बिघडला’ असा शिक्का मारला, आणि बिघडलेल्या दिवसात तिसरीतली अर्धी काय अन् पातेल्यातलं पुरण काय, सगळं सारखंच.

म्हणून मी अपराधीपणाला लगाम मानत नाही. तो लगामासारखा दिसतो एवढंच. आपल्याला वाटतं, वाईट वाटलं तर पुढच्या वेळी कमी खाऊ. क्लिनिकमध्ये मी वर्षानुवर्षं उलटंच पाहते. ज्यांना जास्त वाईट वाटतं ते दुसऱ्या दिवशी जास्त कडक होतात, आणि जे जास्त कडक होतात ते चौथ्या दिवशी जास्त सुटतात. न्यूझीलंडमध्ये कायर आणि बॉइस या संशोधकांनी २०१४मध्ये याच धाटणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. चॉकलेट केक म्हटल्यावर ‘अपराध’ आठवतो की ‘आनंदसोहळा’, एवढंच लोकांना विचारलं आणि मग दीड वर्षाने वजनाचं काय झालं ते पाहिलं. अपराध आठवणाऱ्यांचं खाणं काही जास्त आरोग्यदायी नव्हतं, आणि वजन टिकवण्यात आनंदवाले सरस ठरले. एका अभ्यासावर मी सगळी इमारत उभी करणार नाही. पण मला रोज जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

आता काट्याबद्दल. १.३ किलो चरबी एका रात्रीत चढायची तर गरजेपेक्षा साधारण दहा हजार कॅलरी जास्त खायला लागतात, कारण एक किलो चरबीचा हिशेब सुमारे ७७०० कॅलरींचा धरतात. एक मध्यम पोळी तुपासकट तीनशेची धरली तर त्या तीसहून जास्त पोळ्या झाल्या. तुम्ही अडीच खाल्ल्यात. मग काटा काय दाखवत होता? पाणी. पिष्टमय पदार्थ शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. आठवडाभर कमी खाल्ल्याने तुमचा तो साठा रिता झाला होता, तो एका जेवणात भरला. त्यात कटाची आमटी, पापड, कुरडया, भजी यांतलं मीठ, तेही पाणी धरतं. शिवाय रात्री आठ आणि साडेदहाचं जेवण सकाळी सातला अजून आतड्यातच होतं, त्याचंही वजन आहेच की! हे सगळं तीन-चार दिवसांत आपोआप उतरतं. तुम्ही सूपवर राहिल्यामुळे उतरलं असं तुम्हाला वाटलं, आणि तिथेच शिक्षा उपयोगी पडते हा गैरसमज पक्का झाला. सणानंतर चार दिवस काटा कपाटात टाका, एवढं ऐकाच.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, तिच्यावर मी थांबले. ऑफिसात तीन चहा होतात, प्रत्येकात दोन चमचे साखर, सोबत मारी. त्याबद्दल अपराधाचा एक शब्द नाही. आपण हिशेब करू. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला ३० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम. तुमचा चहाच तो आकडा रोज ओलांडतो. महिन्याला जवळजवळ पाऊण-एक किलो साखर, वर्षाला दहा किलोच्या आसपास. अडीच पुरणपोळ्यांत, पोळीमागे ३० ग्रॅम धरला तरी, गूळ झाला ७५ ग्रॅम. म्हणजे होळीची तुमची सगळी ‘चैन’ अडीच दिवसांच्या चहाएवढी. पोळी वर्षातून दोनदा होते, चहा रोज होतो, आणि रडू मात्र पोळीचं येतं.

असं का होतं? कारण अपराधीपणा ग्रॅम मोजत नाही. ज्या पदार्थाला आनंद चिकटलेला आहे त्याच्यावर तो जाऊन बसतो. चहा म्हणजे काम, मारी म्हणजे ‘हलकं’. पोळी म्हणजे तूप, दूध, सण, लाड. मला भेटणाऱ्या बायका (आणि हल्ली पुरुषही) ज्या गोष्टींबद्दल अपराधी असतात त्यांची यादी बघा. आमरस, श्रीखंड, वडापाव, साजूक तूप, भाताचा दुसरा ढीग. सगळं आवडीचं. आवडीचं खाणं हेच चुकीचं, असं कुठेतरी आत बसलेलं आहे. मग बाजारात ‘गिल्ट-फ्री’ लिहिलेले मखाने आणि खजुराचे लाडू येतात, साखरेच्या दुप्पट भावाने. गूळ आणि मध यांनाही शरीर साखरेसारखंच वागवतं, आणि खजुरातही भरपूर साखरच असते. लाडू खायचा तर तो बेसनाचा खावा, निदान बेसनाचा तरी असतो.

तुमच्या बाबतीत गुंता आणखी एका गोष्टीने वाढलाय. आपल्या घरांत अपराध एक नसतो, दोन असतात आणि ते विरुद्ध दिशांना ओढतात. खाल्लं तर वजनाचं पाप. टाकलं तर अन्नाचं पाप. तुम्ही पातेल्यातलं पुरण का खाल्लंत याचं कारण तुम्हीच दिलंय: ‘एवढंसं उरलं होतं, फ्रिजमध्ये काय ठेवायचं.’ मुलीच्या ताटातली उरलेली अर्धी पोळीही तुमच्याच पोटात गेली. घरोघरी हेच चालतं, उरलंसुरलं आईच्या वाट्याला. तुमच्या सासूबाईंचं वय बघता त्या १९७२च्या दुष्काळात जाणत्या असणार. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी ज्या पिढीने पाहिली, तिच्यासाठी पानात टाकणं हा गुन्हाच आहे, आणि आग्रह करून वाढणं हे प्रेम आहे. त्यांना दोष देण्यात काही अर्थ नाही. तो अनुभव खराच होता. पण नको असताना पोटात ढकललेलं पुरण वाचलेलं नसतं. अन्न वाया घालवायचं नसेल तर ते पानात येण्याआधी थांबवायचं. आपलं आपण वाढून घ्या. मुलीला अर्धी पोळीच वाढा, हवी तर पुन्हा घेईल. उरलेलं पुरण डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाका, छान राहतं, पंधरा दिवसांनी गोळ्या करून एका संध्याकाळी चार पोळ्या होतात. किंवा सरळ शेजारी द्या.

आणि हो, ‘अगं एवढ्याने काय होतंय’ म्हणत तिसरी वाढणारी आणि आठ दिवसांनी ‘जरा सुटल्यासारखी वाटतेस’ म्हणणारी व्यक्ती एकच असते, हे माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या बायका सांगतात. दोन्ही वाक्यं फार मनावर घेऊ नका. आग्रहाला माझं ठरलेलं उत्तर आहे: ‘आई, फार सुंदर झालीय. उद्या डब्यात नेते.’ कौतुक झालं, नकार झाला, आणि डायट हा शब्द उच्चारलाच गेला नाही. तो उच्चारला की पंगतीतल्या प्रत्येकाकडे त्यावर मत असतं.

इथवरचं एकत्र करते. तुमच्या होळीत तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत: दिवसभराची खरी भूक, ‘मोडलंच आहे’ हा विचार, आणि उरलेलं संपवण्याची सवय. गोड बंद केल्याने यांतली एकही सुटत नाही. पहिली तर वाढते.

मग करायचं काय? सुरुवात १२०० बदलण्यापासून. तुमच्या वयाला, वजनाला आणि कामाला तो आकडा कमी आहे. नेमका किती हवा ते तुम्हाला पाहिल्याशिवाय सांगणं बरोबर नाही. पण माझ्याकडे तुमच्यासारख्या येतात त्यांना मी बहुधा आकडाच देत नाही, जेवणं देते. सकाळी नऊच्या आत पोटभर नाश्ता, नुसते पोहे नकोत, सोबत अंडं किंवा वाटीभर दही किंवा मोड आलेली मटकी. दुपारच्या डब्यात पोळी किंवा भाकरी, उसळ किंवा घट्ट वरण, भाजी, कोशिंबीर. पाच वाजता काहीतरी, फुटाणे, शेंगदाणे, फळ. लोकलमधून उतरताना जी भूक लागते तिचा बंदोबस्त पाचला होतो, आठला नाही. आठवडाभर हे नीट झालं की शनिवारी रात्रीचं फरसाण निम्मं आपोआप गळतं. निम्मं म्हणते, सगळं नाही. उरलेलं निम्मं दमणुकीचं आणि एकटं बसायला मिळण्याचं असतं, त्याला दुसरी सोय लागते.

सणाच्या दिवशी नाश्ता आणि दुपारचं जेवण चुकवायचं नाही. नैवेद्य व्हायच्या आधी पुरणाची चव घ्यायची नसते हे मान्य, पण वरणभात खायला कुणाची हरकत नसते. रात्री पानावर बसाल तेव्हा भूक असावी, आग नसावी.

आपल्या पानाची रचना मुळात फार शहाणी आहे. आपल्याकडे पक्वान्न जेवणानंतर येत नाही, जेवणातच येतं. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आमटी, आणि आधी वरणभात. कोशिंबीर आणि आमटी आधी पोटात गेली तर जेवणानंतर साखर सावकाश चढते, आणि ५.९वाल्या माणसाला हेच हवं असतं. त्या दिवशी भात एक मूद, पोळी एक, फार तर दीड, भजी दोन, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. होळी पाहायला खाली उतरणारच असता, तेवढ्यानेही भागतं. अपराध नको याचा अर्थ हिशेब नको असा नाही. हिशेब थंड डोक्याने आधी करायचा असतो, अपराध नंतर रात्री रडवतो.

आता खाण्याची रीत. हे मी क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष करून घेते. पोळी ताटलीत, कोमट, वर चमचाभर तूप. बसून. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिला घास तोंडात असताना दुसरा तोडायचा नाही. पहिल्या घासाला जायफळ लागतं, तूप लागतं, कडेला पोळी किंचित खरपूस झालेली असते ते लागतं. चार-पाच घासांनंतर तीच पोळी थोडी कमी गोड, कमी खास वाटू लागते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१मध्ये दाखवलं की एकाच चवीपासून मिळणारा आनंद खाता खाता ओसरतो, दुसरी चव आली की पुन्हा जागा होतो. म्हणून पोळी-भजी-कुरडई-पोळी असं फिरत राहिलं की थांबायची खूण मिळतच नाही. पोळी खाताना पोळीच खा. बहुतेकजणींना पहिली पोळी संपताना कळतं की झालं. काहींना नाही कळत, त्या आणखी अर्धी घेतात, आणि तेही ठीक आहे. मजा पूर्ण घेतलेल्या माणसाला थांबणं सोपं जातं, चोरून खाणाऱ्याला अवघड. यासाठी माझा एकच कडक नियम आहे: ओट्याशी उभं राहून काही खायचं नाही. पुरण खायचंय? वाटीत घ्या, दूध घाला, बसा आणि खा. बायका हसतात. पण वाटीत घेऊन बसायची वेळ आली की निम्म्या वेळा ‘जाऊ दे’ होतं.

दुसऱ्या दिवशी काहीही भरपाई नाही. नेहमीचा नाश्ता, नेहमीचा डबा. धुळवडीचं मटण घरच्यांबरोबर खा, दोन भाकरींऐवजी एक आणि कांदा-काकडी जास्त. हे सांगितल्यावर लोक सगळ्यात जास्त घाबरतात. शिक्षा नाही तर मी सुटेन, असं वाटतं. पहिल्या दोन-तीन सणांना थोडं जास्त खाल्लं जाईलही. मग पदार्थाचं ते भारलेपण कमी होतं, कारण उद्या तो बंद होणार नाही हे मनाला पटलेलं असतं.

चहाचं मात्र मी मागे लागेन. दोनाचा दीड चमचा, पंधरा दिवसांनी एक. तीनातला एक चहा बिनसाखरेचा किंवा कमी करा. मारी हलकी वगैरे काही नसते, मैदा आणि साखरच आहे, तिच्या जागी फुटाणे. तुमच्या ५.९ला पुरणपोळीपेक्षा याचा जास्त उपयोग होईल. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा आहे, परत येता येतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. त्याआधी नको, कारण एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते.

मुलीबद्दल तुम्ही कंसात लिहिलंत, ‘परवा म्हणाली, आई, मी पण पोळी नको खाऊ ना, जाड होईन.’ ती दहा वर्षांची आहे. या उत्तरातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा: तिच्यासमोर स्वतःच्या शरीराबद्दल आणि ‘आज मी फार पाप केलं’ असं खाण्याबद्दल बोलणं बंद. पाप, चीट, ताबा सुटला, हे शब्द मुली घरातूनच उचलतात. तिच्यासोबत बसून एक पोळी चवीने खा आणि ‘बास, पोट भरलं’ असं मोठ्याने म्हणा. उपदेशापेक्षा ते तिला लवकर कळेल.

एक गंभीर मुद्दा. खाल्लेलं मुद्दाम उलटी करून काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, पाळी बंद पडणं, किंवा आठवड्यातून निदान एकदा असं ताबा सुटून लपूनछपून खाणं आणि ते तीन महिने चालू राहणं, यांतलं काही असेल तर हा माझ्या एकटीचा विषय राहत नाही. शेवटचं जे सांगितलं तो २०१३पासून मानसोपचारांच्या निदानसूचीत स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तुमच्या लिहिण्यावरून शनिवारचा प्रकार किती वेळा होतो ते कळत नाही, म्हणून विचारते आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिली संकष्टी. श्रद्धेने धरत असाल तर जरूर धरा, त्यात मी काय बोलणार! पण वजनासाठी म्हणून धरू नका. दिवसभर चहावर राहून चंद्रोदयाला मोदक आणि वरणभातावर तुटून पडणं म्हणजे होळीचीच महिन्याला एक आवृत्ती, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ तर आपल्याला ठाऊकच आहे. धरलीत तर दुपारी वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ आणि राजगिऱ्याची भाकरी किंवा वरीचे तांदूळ असं व्यवस्थित खा. साबुदाण्याची खिचडी हवी असेल तर एक वाटी, वर काकडीची कोशिंबीर. पाचच्या सुमाराला पुन्हा थोडं ताक. चंद्रोदय उशिरा असला की नऊ-साडेनऊ वाजतात, तोवर तग धरण्याइतकं पोटात असू द्या.